काही दाबलं नाही तर

दिवाळीत बहिणीचा मुलगा पुण्याहून आला होता. भाऊबीज झाल्यावर दुसऱ्या दिवशी सहज म्हणून दुकानात येऊन बसला. आमचं दुकान अमळनेरात, डीटीपी आणि छपाईचं. तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई सुरू होते, त्यामुळे दिवाळीच्या आठवड्यातही शटर अर्धं उघडं ठेवावंच लागतं. मी पीसी चालू केला आणि पत्रिकांचे नमुने काढायला मागच्या कपाटाकडे वळलो. पडद्यावर नेहमीची काळी यादी आली. वर लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजसारखीच पण फुकट मिळणारी दुसरी सिस्टीम, खाली विंडोज, आणि तळाशी एक ओळ, की उजळलेल्या नावाची सिस्टीम इतक्या सेकंदांत आपोआप सुरू होईल. दहा, नऊ, आठ. त्यानं कीबोर्डला हात लावला नाही. मी कपाटात डोकं घालून उभा. आकडे संपले आणि विंडोज सुरू झालं. "मामा, शेवटी विंडोजच सुरू होतं ना? मग ती दुसरी ठेवलीय कशाला? काढून टाका. जागा तरी मोकळी होईल."

मी त्याला धंद्याचं उत्तर दिलं, आणि ते खरंही होतं. पण तो पुण्याला परत गेला तरी ते वाक्य काही जाईना. त्याला चूक म्हणता येत नव्हतं. दोन्ही सिस्टीम एकाच डिस्कवर, एकाच मशीनमध्ये, दोन्ही धडधाकट. तरी कोणी काही केलं नाही तर दर वेळी एकच सुरू होणार, आणि बाहेरून बघणाऱ्याला दुसरी उगाच जागा अडवून बसलेली दिसणार. संध्याकाळी घरी गेलो तर तोच भाचा ओट्यावर मायजवळ बसलेला आठवला. ती त्याला विचारत होती, "कव्हय उना रे भाऊ?" तो म्हणाला, "कालच आलो, आजी." त्याला अहिराणी, आमची घरची बोली, पूर्ण समजते. मायनं पुढचा प्रश्न मराठीत विचारला, जरा अडखळत, आणि मग तासभर दोघं मराठीतच बोलले. कोणी कोणाला थांबवलं नव्हतं. कोणी काही ठरवलंही नव्हतं.

आधी धंद्याचं सांगतो, कारण त्याशिवाय दोन सिस्टीम का, हे कळायचं नाही. आमच्याकडे पत्रिकांच्या जुन्या फायली आहेत, आणि त्या सगळ्या पेजमेकर ह्या पानं जुळवायच्या प्रोग्रॅममध्ये. पेजमेकरची शेवटची आवृत्ती, ७.०, २००१ ची. त्यानंतर नवी मोठी आवृत्ती आली नाही, पण तालुक्याच्या गावातल्या छपाईवाल्यांनी त्याला सोडलंही नाही. मजकूर जुन्या फॉन्टमधला. त्या फॉन्टमध्ये 'क' हा 'क' म्हणून साठवलेला नसतो. इंग्रजीतल्या एखाद्या अक्षराच्या किंवा चिन्हाच्या घरात त्याचं फक्त चित्र बसवलेलं असतं. फॉन्ट असेल तोवर पडद्यावर सुंदर मराठी दिसते. फॉन्ट काढला की 'श्री गणेशाय नमः'च्या जागी कंस, डॉलरची खूण, उद्गारचिन्हं आणि तुटक इंग्रजी अक्षरं. त्यात शोध घेता येत नाही, नावं अकारविल्हे लावता येत नाहीत, व्हॉट्सॲपवर पाठवता येत नाही. शिवाय त्या फॉन्टच्या सॉफ्टवेअरचं यूएसबी लॉक मशीनच्या मागे लागलेलं असतं. ते काढलं की दुकान बंद. हे सगळं विंडोजवर चालतं आणि तिथेच चालतं.

खान्देशातली लग्नपत्रिका ज्यांनी हातात घेतली आहे त्यांना त्या फायलींचं मोल कळेल. नवरा-नवरीची नावं पाव पानात आटपतात. उरलेल्या पानावर भाऊबंद. काका, चुलत काका, आतेभाऊ, मावसभाऊ, गावाचे पाटील, सोसायटीचे चेअरमन, आणि खाली 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' म्हणणारी चिल्लीपिल्ली. कोणाच्या आधी कोणाचं नाव येतं यावरून साखरपुडे अडलेले मी पाहिले आहेत. म्हणून गिऱ्हाईक आलं की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "मोठ्याच्या लग्नाची फाईल काढा, तोच क्रम ठेवा." त्या फायलीत कुणाच्या नावामागे पुढच्या खेपेला कै. लागतं, कुणी चिल्लीपिल्लीतून उठून निमंत्रकांत येतो. एका घराची पंधरा-वीस वर्षं एकापुढे एक उघडत जातात. ह्या फायली मी टाकणार नाही. म्हणून विंडोज काढणार नाही.

पण विंडोज १० चा आधार, म्हणजे कंपनीकडून फुकट येणारी सुरक्षेची अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, दिवाळीच्या तोंडावर. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो, टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते. माझा सातव्या पिढीचा आय-फाइव्ह. एका पिढीनं मागे. मशीनला काहीही झालेलं नाही. गेल्याच वर्षी एसएसडी बसवली, पंख्यातली सरकी-कापसाची तूस दर हंगामात ब्लोअरनं काढतो, मोठी फाईल एका दमात उघडते. दुरुस्तीला येणारा मुलगा म्हणाला की आता हे भंगारातच जाणार. त्याच्या हिशेबानं बरोबर असेल. वाढीव सुरक्षा अपडेटची सोय ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे, पण ती मुदतच. मी मात्र तो दिवस येणार हे मे महिन्यातच धरून चाललो होतो आणि तेव्हाच दुसरी सिस्टीम बसवून घेतली होती. आता विंडोज इंटरनेटला जोडलेलं नाही. तिथे फक्त पेजमेकर, जुने फॉन्ट आणि प्रिंटर. मेल, बँक, गिऱ्हाइकांच्या व्हॉट्सॲपवरून येणारे फोटो, जे काही बाहेरच्या जगातून येतं ते लिनक्सवर. मध्ये दोघांना वाचता येईल असा एक वेगळा भाग केला आणि त्याला नाव दिलं 'देवघेव'. फोटो इकडून तिथे ठेवायचा, तिकडून उचलायचा.

आभासी मशीन बसवून एकाच्या पोटात दुसरी चालवता येते, हेही मला भाच्यानं सांगितलं. येतं. पण माझी रॅम आठ जीबी. ती दोघांत वाटली की दोघंही उपाशी. पत्रिकेवर नवरा-नवरीचे मोठे फोटो असतात, ते उघडले की मशीन रडतं. दोन सिस्टीम शेजारी बसवल्या की जी चालू असेल तिला अख्खं मशीन मिळतं, आणि दुसरी तेवढा वेळ पूर्ण निजलेली असते.

लिनक्स मला नवं नव्हतं. वीस वर्षांपूर्वी पीसीक्वेस्ट मासिकासोबत त्याची सीडी मिळायची. जळगावच्या स्टेशनवरच्या स्टॉलवर अंक आला की आमच्यातला कोणीतरी सुरत गाडीनं घेऊन यायचा. मग उबुंटूवाल्यांनी तर फुकट सीडी टपालानं पाठवायला सुरुवात केली. संकेतस्थळावर पत्ता भरायचा आणि विसरून जायचं. काही आठवड्यांनी पोस्टमन परदेशी शिक्क्याचं पाकीट घेऊन दारात. त्या तपकिरी पुठ्ठ्याच्या कव्हरचा वास मला अजून आठवतो, नव्या वहीसारखा, पण जरासा रासायनिक. ज्या गावात वनस्पती तुपाचा कारखाना १९४५ साली निघाला आणि त्याच कंपनीचं पुढे विप्रो झालं, त्या गावात संगणकाचं कौतुक असायचंच. पण आमचं कौतुक शेअरच्या भावाचं होतं. ती सीडी ही पहिली गोष्ट होती जी कोणी विकत नव्हतं आणि तरी हातात येत होती. २०११ मध्ये ते टपाल बंद झालं. तोवर माझं दुकान बसलं होतं आणि पेजमेकरपुढे दुसरं काही सुचायला वेळ नव्हता.

परवा वाचताना एक गोष्ट लक्षात आली आणि बरं वाटलं. लिनक्स स्वतःच शेजारी म्हणून जन्माला आलं. हेलसिंकीत शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सच्या पीसीवर डॉस होतं, त्याशेजारी त्यानं मिनिक्स ही शिकवण्यासाठी बनवलेली छोटी सिस्टीम घातली होती, आणि त्याच डिस्कवर तो आपलं काहीतरी रचत होता. २५ ऑगस्ट १९९१ ला त्यानं लोकांना कळवलं की मी एक सिस्टीम करतोय. मग एकदा मॉडेमकडे पाठवायच्या आज्ञा हार्डडिस्ककडे गेल्या आणि त्याचा मिनिक्सचा भाग पुसला गेला. तो परत बसवण्याऐवजी त्यानं स्वतःचंच पुढे न्यायचं ठरवलं. पुढच्याच वर्षी, १९९२ मध्ये, व्हर्नर आल्मेसबर्गरनं लिलो लिहिलं, म्हणजे सुरुवातीला विचारणारा तो छोटा प्रोग्रॅम: कोणाला उठवू? मग १९९५ मध्ये एरिक बोलिननं ग्रब सुरू केलं, ज्याची नवी पिढी आज माझ्या पडद्यावर काळी यादी दाखवते. आणि १९९१ सालीच युनिकोडची, म्हणजे जगभरच्या लिप्यांना एकच सांकेतिक क्रमांक देणाऱ्या पद्धतीची, पहिली आवृत्ती आली, त्यात देवनागरीला तिची स्वतःची घरं मिळाली. 'क' हा 'क' म्हणूनच साठवायचा, कोणाच्या घरात चित्र बनून राहायचं नाही. दोन्ही गोष्टी एकाच वर्षी निघाल्या, आणि मी त्यानंतर सालोसाल दुसऱ्यांच्या घरातली अक्षरं जुळवत राहिलो, कारण छापखान्याला तीच लागत होती.

बसवण्याचा दिवस मला तपशिलात सांगायचा आहे.

मे महिना. आमच्याकडे मे म्हणजे सकाळी नऊला पत्रा तापलेला आणि दुपारी दोनला रस्त्यावर कुत्रंही नाही. वीज कधी जाईल याचा नेम नाही. एकदा डिस्कवरच्या भागाची हद्द सरकवायला घेतली की मध्ये वीज जाऊन चालत नाही. अर्धा मजकूर जुन्या जागी, अर्धा नव्या, आणि कोणता कुठे हे सांगणारी वही अर्धवट. म्हणून पहाटे पाचला दुकान उघडलं. आदल्या रात्री सगळ्या फायली बाहेरच्या डिस्कवर उतरवून ठेवल्या होत्या, आणि नुसत्या उतरवल्या नाहीत, दुसऱ्या मशीनवर दोन-चार उघडूनही पाहिल्या. इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी घातलं. विंडोजमधलं 'फास्ट स्टार्टअप' बंद केलं. ते बंद केलं नाही तर विंडोज बंद केल्यावर खरं बंद होत नाही, आपली आतली अवस्था डिस्कवर लिहून अर्धवट झोपतं, आणि मग त्या भागावर लिनक्सला काही लिहिता येत नाही, नुसतं वाचता येतं. शेजाऱ्याला जागा द्यायची तर आधी पहिल्याला पूर्ण झोपवावं लागतं.

मग 'श्रिंक व्हॉल्यूम'. डिस्कवर निम्म्याहून जास्त जागा रिकामी दिसत होती, पण विंडोज म्हणालं की फार थोडी सोडता येईल. कारण काही फायली हलत नाहीत. झोपेची फाईल, अदलाबदलीची फाईल, फायलींच्या यादीचा स्वतःचा भाग, ह्या मध्येच कुठेतरी ठाण मांडून बसलेल्या असतात आणि त्यांच्या अलीकडे हद्द सरकत नाही. एकेक उठवल्या. झोपेची सोय बंद केली, अदलाबदलीची फाईल तात्पुरती काढली, मशीन पुन्हा चालू केलं, पुन्हा विचारलं. आता पुरेशी जागा सोडायला तयार झालं. हद्द सरकायला दोन-तीन मिनिटं लागली असतील. त्या मिनिटांत मी पंख्याच्या आवाजाकडे कान लावून होतो. वीज गेली की आधी पंखा सांगतो. समोरच्या हातगाडीवर पोहेवाला कांदा चिरत होता, ते सुरीचं टकटक, आणि पंख्याची घरघर. दोन्ही चालू राहिले. डिस्कच्या चित्रात शेवटी एक काळी पट्टी उमटली: 'अनअलोकेटेड'. कोणाच्याही नावावर नसलेली जागा. इतकी वर्षं भरलेली वाटणारी डिस्क आतून रिकामी होती, फक्त ते रिकामेपण कोणी मागितलं नव्हतं.

पुढचं सोपं होतं. पेन ड्राइव्हवरून मिंट सुरू केलं, भाषांची यादी आली. त्या यादीत मराठी होती. मी सवयीनं खाली अहिराणी शोधली, ती नव्हती. मराठी निवडली. वेळेचा भाग कोलकाता. मग जागा विचारली, आणि मी ती काळी पट्टी दाखवली. मशीन सुरू होताना आधी वाचल्या जाणाऱ्या छोट्या ईएफआय भागात विंडोजच्या फोल्डरशेजारी लिनक्सचं फोल्डर बसलं. चहा पिऊन आलो तोवर झालं होतं. पुढे महिनाभरात एक गंमत कळली ती मात्र कोणी आधी सांगितली नव्हती. रात्री लिनक्सवर काम करून बंद केलं आणि सकाळी दहाला विंडोज उघडलं, तर घड्याळात साडेचार. मशीनमधल्या सेलवर चालणाऱ्या घड्याळात लिनक्स ग्रीनिचची वेळ ठेवतं आणि दाखवताना साडेपाच तास मिळवतं. विंडोज त्याच घड्याळातली वेळ इथलीच समजून जशीच्या तशी दाखवतं. दोघांपैकी कोणीही खोटं बोलत नाही. घड्याळ एक, आणि ते कसं वाचायचं यावर दोघांचं एकमत नाही. एका ओळीच्या आज्ञेनं लिनक्सला सांगितलं की सेलच्या घड्याळात इथलीच वेळ ठेव. त्यानं ऐकलं. अशा बाबतीत बहुतेक वेळा लिनक्सलाच ऐकावं लागतं.

हे मला पुढेही दिसत राहिलं. लिनक्समध्ये बसून विंडोजचा भाग उघडता येतो. सगळ्या फायली दिसतात, वाचता येतात, उचलता येतात. विंडोजमध्ये बसून लिनक्सचा भाग बघायला जा, तिथे नुसती नाव नसलेली पट्टी आहे. बाहेरची एखादी डिस्क लिनक्सच्या पद्धतीनं भरून विंडोजला लावली तर ते विचारतं, ही वापरण्याआधी फॉरमॅट करायची का? म्हणजे जे आपल्याला वाचता येत नाही ते रिकामं आहे असं धरून चालायचं. आमच्या घरात, आमच्या गावात हेच आहे. अहिराणी बोलणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला मराठी वाचता येते, बोलता येते, मराठीत हसता-रडता येतं. उलट बाजूनं बघितलं तर नुसती पट्टी. मी पहिलीत गेलो तेव्हा मास्तरांनी पहिल्या दिवशी काय विचारलं ते मला कळलं होतं, मी काय उत्तर दिलं ते त्यांना कळलं नव्हतं. मारलं वगैरे नाही. पाठीवर हात ठेवून म्हणाले, "मराठीत सांग." चांगला माणूस होता. त्या दिवसापासून घराबाहेर काय सुरू होणार ते ठरून गेलं.

लिनक्सच्या बाजूला मी सुरुवातीला बँक आणि मेल एवढंच करायचो. मग श्रावण आला. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई देवी बसते. भाऊबंद सुरतेहून, नाशिकहून, पुण्याहून येतात, रोटांची कणीक एकत्र मळली जाते, नारळाला नथ-डोळे लावून चौरंगावर बसवतात आणि रात्रभर गाणी. रात्रभर म्हणजे पूर्वी. ह्या वर्षी बारानंतर माय आणि तिच्या दोन जावा एवढ्याच गात होत्या. मधल्या पिढीच्या बायका टाळ्या वाजवत होत्या, पहिली ओळ म्हणत होत्या आणि दुसरीला गप्प होत होत्या. मुली मोबाइलवर चित्रण करत होत्या. माझ्या बायकोनंच म्हटलं, "तुम्ही दिवसभर लोकांची नावं टाइप करता. हे कोण टाइप करेल?"

तेव्हापासून दुकान बंद झाल्यावर मी लिनक्स सुरू करतो आणि मायची गाणी उतरवतो. युनिकोड विंडोजवरही आहे, हे मला माहीत आहे. पण तिथे बसलो की बोटं आपोआप जुन्या फॉन्टच्या कळांवर जातात. तिथे पडद्याच्या कोपऱ्यात अर्धवट पत्रिका दिसते, सावलीसारखं गिऱ्हाईक मागे उभं असल्यासारखं वाटतं. इकडे जुना फॉन्टच नाही. इन्स्क्रिप्ट ह्या देवनागरी कीबोर्डच्या कळा नव्यानं शिकलो, डाव्या हाताला स्वर, उजव्याला व्यंजनं. हळू टाइप होतं, आणि ह्या कामाला हळूच बरं. माय ओट्यावरून म्हणते, मी मोबाइलवर रेकॉर्ड करतो, दुकानात येऊन ऐकत लिहितो. 'शे' लिहितो, 'बठ्ठं' लिहितो, 'ऱ्हायना' लिहिताना तो अर्धा र कसा काढायचा ते एकदा शोधावं लागलं. तपासनीस त्या प्रत्येक शब्दाखाली लाल नागमोडी रेघ ओढत होता. शुद्धलेखनाच्या सगळ्या तपासण्या बंद केल्या. पान स्वच्छ झालं. एकदा छापून घरी नेलं. मायला वाचता येतं, चौथीपर्यंत शिकली आहे. तिनं कागद लांब धरून वाचायला सुरुवात केली आणि लगेच थांबली. "हाई काय शे रे?" तिला वाटलं होतं कागदावर आहे म्हणजे मराठी असणार. पुन्हा वरून वाचलं, ह्या वेळी चालीवर.

मला लिनक्सच्या बाजूला पूर्ण घरच्यासारखं वाटतं असं नाही. प्रिंटरचा एक ट्रे अजून तिथून ओळखला जात नाही. रंग पडद्यावर दिसतात तसेच छापले जातील याचा भरवसा मला विंडोजवर जास्त आहे, कारण त्या बाजूनं माझं घर चाललंय, मुलीचं शिक्षण झालंय. विंडोजला नावं ठेवणाऱ्यांत मी नाही. मराठीलाही नाही, हे तर सांगायलाच नको. पोट तिच्यावर आहे आणि तिच्यात मी हे लिहितोय. प्रश्न दोघांतली चांगली कोणती हा कधीच नव्हता.

प्रश्न त्या दहा सेकंदांचा आहे. ग्रबच्या सेटिंगच्या फायलीत दोन ओळी असतात. एकीत लिहायचं, कोणी काहीच निवडलं नाही तर काय सुरू करायचं. दुसरीत, किती वेळ थांबायचं. बसवल्यावर ती यादी लिनक्सवर उभी होती. मी बदलून विंडोज केलं, कारण सकाळी दुकान उघडणारी मुलगी बटण दाबून झाडू घेते, आणि परत येते तेव्हा पेजमेकर उघडता येईल असं मशीन तयार लागतं. त्यात काही वावगं नव्हतं. घरीही असंच झालं असणार. मुलं लहान असताना बालवाडीत अडू नये म्हणून आम्ही दोघं त्यांच्याशी मराठीत बोलू लागलो, सोय म्हणून. मग शाळा, मग क्लास, मग पाहुणे. कोणत्याही दिवशी कोणीही असं म्हणालं नाही की आजपासून घरात अहिराणी नाही. नुसतं कोणी काही दाबलं नाही. भाषा मारायला कोणी यावं लागत नाही हे मी पुस्तकात नाही, ओट्यावर पाहिलंय, आणि म्हणून भाच्याचा प्रश्न मला साधा वाटत नाही. न वापरलेली सिस्टीम काढून टाका, हा सल्ला डिस्कसाठी अगदी योग्य आहे. पण ती न वापरलेली नाही. तिच्यापर्यंत पोचायला आकडे संपायच्या आत एक बाण दाबावा लागतो, एवढंच, आणि घाईतला माणूस तो दाबत नाही.

ग्रबला असंही सांगता येतं की मागच्या वेळी जे निवडलं होतं तेच सुरू कर. ते करून पाहिलं. पण त्यात जिकडे वजन आहे तिकडे आणखी वजन पडतं. शेवटी दुसऱ्या ओळीतल्या दहाच्या जागी उणे एक लिहिलं. म्हणजे थांबायचं, कितीही वेळ, कोणी निवडेपर्यंत. फाईल जतन केली, यादी नव्यानं बनवायची आज्ञा दिली, झालं. दुकानातल्या मुलीला ते आवडलं नाही. "भाऊ, मशीन अडकलंय," म्हणून पहिल्या दिवशी फोन. मग सांगितलं की अडकलेलं नाही, विचारतंय. बाणाची कळ आणि एंटर. तिला दोन दिवस त्रास झाला. नंतर तिनंच एकदा विचारलं की वरचं कसलं आहे, आणि मी तिला ते उघडून दाखवलं. ती पारोळ्याकडची, घरी अहिराणीच. आजीची दोन गाणी तिनं मला म्हणून दाखवली, त्यातलं एक मायलाही माहीत नव्हतं. आता ते फाईलमध्ये आहे.

आणि परवा एक गिऱ्हाईक आलं, धरणगावकडचं. मुलगा शिक्षक, त्यानं हट्ट धरला होता की पत्रिका अहिराणीत हवी. सगळी नाही, निमंत्रणाचा मजकूर आणि मुलांची ओळ. २०२४ च्या फेब्रुवारीत साहित्य संमेलन अमळनेरात झालं तेव्हा तो मांडवात तीन दिवस फिरत होता, तेव्हापासून डोक्यात होतं म्हणाला. मी त्याला लिनक्स सुरू करून दिलं. स्क्रायबस ह्या पानं जुळवायच्या मोफत प्रोग्रॅमची १.६ ही आवृत्ती आल्यापासून त्यात जोडाक्षरं नीट बसतात. मुंबईच्या एक टाइपचा मुक्ता फॉन्ट लावला, तो मोफत आहे. मजकूर त्यानंच सांगितला, मी टाइप केला, दुकानातल्या मुलीनं एक शब्द बदलायला लावला, तो म्हणाला आमच्याकडे असं नाही म्हणत, त्यावर अर्धा तास गेला. नावांची यादी मात्र थोरल्या भावाच्या लग्नाच्या फाईलमधून हवी होती, ती पेजमेकरमध्ये. मशीन पुन्हा चालू करून विंडोजमध्ये गेलो, यादी छापून घेतली, परत इकडे आलो आणि एकेक नाव हातानं टाइप केलं. जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये करून देणारे प्रोग्रॅम आहेत, पण ते रफारात आणि पहिल्या वेलांटीत गडबडतात, आणि आडनावात गडबड झालेली भाऊबंद खपवून घेत नाहीत.

पीडीएफ प्लेटवाल्याकडे धाडली. त्याचा फोन आला, फॉन्ट बरोबर आहे, पण मजकुरात चुका फार दिसतात, एकदा वाचून घ्या. मी म्हटलं, वाचलंय, तसंच छाप. दुसऱ्या दिवशी नवरदेवाचे वडील आले. अहिराणीबद्दल काहीच बोलले नाहीत. त्यांचं म्हणणं, धाकट्या चुलत्याचं नाव थोरल्याच्या वर गेलंय. बघितलं, खरंच गेलं होतं, मागच्या पत्रिकेतच तसं होतं. खाली घेतलं, पुन्हा पीडीएफ केली, पाचशे प्रती.